दिवाणाखाली बसलेली कुत्री घरात कशी रुळेल?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अक्कलकोट रस्त्यावरील एका यंत्रमाग कारखान्याच्या आवारात वाढलेली, साधारण दीड वर्षाची गावठी कुत्री आपण पाच दिवसांपूर्वी जुळे सोलापुरातील घरी आणली. तेव्हापासून ती हॉलमधील दिवाणाखाली बसून आहे, दिवसा अन्नाला तोंड लावत नाही आणि फरशीवरच लघवी करते. काल आपल्या सात वर्षांच्या मुलाने तिला पाय धरून बाहेर ओढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ती गुरगुरली. जनावर चावके निघाले, परत सोडून या, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. ती कधी रुळेल आणि तोपर्यंत काय करावे, असे आपण विचारले आहे.

सोलापुरात 22 वर्षे पशुवैद्यकाचा व्यवसाय केल्यावर मी एवढे निश्चित सांगू शकतो की आपण केलेल्या वर्णनात चावके जनावर कुठेही नाही. बुजलेले जनावर आहे. आपण तिच्यासाठी सध्या जे करत आहात, म्हणजे दर तासाला वाकून हाक मारणे, ताटली दिवाणाखाली सरकवणे, तिची चादर रोज धुणे, शेजाऱ्यांना दाखवायला बोलावणे, त्यातील बहुतेक गोष्टी थांबवल्या की तिचे रुळणे सुरू होईल. प्रेमाने आणलेल्या प्राण्याला आठवडाभर दुर्लक्षित ठेवा, हा सल्ला ऐकायला बरा वाटत नाही याची मला कल्पना आहे, पण या टप्प्यावर तिला तेच हवे आहे.

मात्र त्याआधी एक शंका दूर केली पाहिजे. सोलापूरकडच्या मोकाट कुत्र्यांमध्ये गोचीड भरपूर असतात आणि गोचीडांपासून होणारा ताप आमच्याकडे नेहमी दिसणारा आजार आहे. या आजारातही कुत्रे कोपरा धरते, खात नाही आणि हात लावू देत नाही, त्यामुळे भ्यालेले कुत्रे व तापाने फणफणलेले कुत्रे वरवर पाहता सारखेच दिसते. फरक असा ओळखावा: भ्यालेले कुत्रे माणसांसमोर खात नाही, पण रात्री सगळे झोपल्यावर ताटली चाटूनपुसून ठेवते. आपण लिहिले आहे की सकाळी ताटली रिकामी सापडते. हे चांगले लक्षण आहे. याउलट रात्रभर ठेवलेली उकडलेली कोंबडीसुद्धा सकाळी तशीच राहिली असेल, हिरड्या गुलाबी न दिसता पांढुरक्या दिसत असतील, नाकातून रक्ताचा थेंब आला असेल किंवा अंगाचे तापमान 103 अंश फॅरेनहाइटच्या वर असेल, तर वाट पाहू नये. कुत्र्याचे नेहमीचे तापमान 101 ते 102.5 अंश असते, त्यामुळे केवळ हाताला अंग गरम लागले म्हणून ताप समजू नये. रक्ताच्या तपासणीत, विशेषतः प्लेटलेट्सच्या संख्येवरून, या आजाराचा बराच उलगडा होतो आणि वेळेत औषध सुरू केल्यास बहुतेक कुत्री बरी होतात. फक्त औषधाचा क्रम सुमारे चार आठवडे चालतो आणि तो मध्येच सोडून चालत नाही. घरातील तापाची किंवा अंगदुखीची माणसांची गोळी तिला चुकूनही देऊ नये.

गोचिडांविषयी आणखी एक गोष्ट सांगतो, कारण नेमकी तीच लोकांच्या लक्षात येत नाही. कुत्र्यावर आढळणारा तपकिरी गोचीड रक्त पिऊन झाला की खाली उतरतो आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे किंवा दिवाणाच्या फळीच्या सांध्यात जाऊन बसतो. एक मादी तेथे हजारो अंडी घालते. म्हणून तिच्या अंगावरचे गोचीड काढून भागत नाही. डॉक्टरांनी दिलेले गोचीडनाशक तिच्या वजनानुसारच द्यावे आणि दिवाणाचे सांधे, तसेच पलंगामागच्या भेगा आठवड्यातून एकदा बॅटरीच्या उजेडात तपासाव्यात. हे काम ती दुसऱ्या खोलीत असताना करावे.

आता तिच्या भीतीकडे वळू. ती ज्या आवारातून आली, तेथे पायाखाली माती होती, मागांची खटखट दिवसरात्र चालू होती, पाळी सुटताना कोणीतरी भाकरीचा तुकडा टाकत होते आणि नको वाटले तर उठून दूर जाण्याची मुभा होती. आपल्या घरात गुळगुळीत फरशी आहे, ज्यावर तिचे पाय घसरतात. घर शांत आहे, आणि त्या शांततेत अचानक कुकरची शिट्टी होते, मिक्सर लागतो, दारावरची घंटा वाजते. सततच्या आवाजाची तिला जन्मापासून सवय आहे. मध्येच उसळणाऱ्या आवाजाची नाही. काही वर्षांपूर्वी अशाच कारखान्यातून आणलेला एक कुत्रा रात्रभर फेऱ्या मारतो म्हणून एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. तपासणीत काहीच दोष आढळला नाही. त्यांच्या घरी पाते घासून आवाज करणारा एक जुना टेबल फॅन अडगळीत पडला होता. तो कुत्र्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून लावायला सांगितला. त्या रात्री कुत्रा झोपला. प्रत्येक वेळी हा उपाय लागू पडेल असे मी म्हणत नाही, पण करून पाहायला खर्च नाही. फरशीवर घसरू नये म्हणून दिवाणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुनी सतरंजी किंवा गोणपाट अंथरावे.

दिवाण हे तिचे घर आहे असे समजा. तेथून तिला कोणीही काढायचे नाही, खाली वाकून डोकवायचे नाही, केरसुणी घालायची नाही. हॉलमध्ये वर्दळ जास्त असेल तर पलीकडच्या शांत खोलीत टेबलावरून कापड सोडून तसाच आडोसा तयार करावा आणि दोन्हीकडची वाट मोकळी ठेवावी; कुठे बसायचे ते तिला ठरवू द्यावे.

चादरीचा मुद्दा मला मुद्दाम मांडायचा आहे. आपण तिला जुनी सोलापुरी चादर अंथरली, हे उत्तम केले. जाड विणीची, धुवून धुवून मऊ झालेली आणि घरातल्या माणसांचा वास मुरलेली अशी वस्तू तिच्यासाठी दुकानातल्या महागड्या गादीपेक्षा कितीतरी चांगली. पण केस लागतात म्हणून आपण ती रोज साबणाने धुता आणि फरशी दोन वेळा फिनाईलने पुसता. कुत्र्याचे जग वासाचे असते. रात्रभर त्या चादरीवर झोपून तिने तेथे जो स्वतःचा वास सोडलेला असतो, तो तिच्या दृष्टीने दारावरच्या पाटीसारखा असतो; सकाळी आपण तो पुसून टाकता आणि तिला पुन्हा परक्या जागी निजावे लागते. तीन आठवडे चादर धुऊ नका. फारच खराब झाली तर शेजारी दुसरी अंथरा, दोन रात्री दोन्ही राहू द्या आणि मग पहिली उचला. फिनाईलचा उग्र वासही तिच्या नाकाला सोसत नाही; तूर्त साध्या पाण्याने किंवा पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुसले तरी पुरते.

अंघोळ सध्या मुळीच घालू नये. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. शिक्षण संपवून नुकताच व्यवसाय सुरू केला होता तेव्हा रस्त्यावरचे एक काळे पिल्लू मी घरी आणले आणि पुस्तकी स्वच्छतेच्या उत्साहात पहिल्याच संध्याकाळी मोरीत नेऊन दोन बादल्या पाणी ओतले. तो कुत्रा पुढे अकरा वर्षे माझ्याकडे होता. माझ्या मागोमाग गच्चीवर यायचा, स्कूटरवर बसायचा, पण मोरीच्या उंबऱ्याशी आला की पोट जमिनीला टेकवून बसायचा, तो अखेरपर्यंत.

आहार ठरलेल्या दोन वेळी द्यावा, सकाळी आणि संध्याकाळी, नेहमी एकाच जागी. ताटली ठेवावी, खोलीतून निघून जावे आणि वीस मिनिटांनी न बोलता उचलावी. ती अजून फक्त रात्रीच खात आहे, म्हणून पहिला आठवडाभर संध्याकाळची ताटली रात्रभर राहू दिली तरी हरकत नाही. पाण्याचे भांडे मात्र कधीच उचलू नये. पंधरा किलोच्या कुत्रीला दिवसाकाठी साधारण पाऊण ते एक लिटर पाणी लागते आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक. ज्वारीच्या भाकरीवर ती वाढली आहे, तेव्हा भाकरी एकदम बंद करू नये. पण भाकरी आणि दूध एवढ्यावर कुत्र्याचे पोषण होत नाही, आणि मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दुधाने जुलाब होतात. भाकरी कुस्करून त्यात उकडलेले अंडे, हाडे काढलेली कोंबडी किंवा ताक घालावे, मीठ-मसाला नको. शेंगाची चटणी लागलेली भाकरी आणि रविवारच्या मटणाचा उरलेला रस्सा देण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. चटणीत लसूण असतो, रश्श्यात कांदा असतो, आणि या दोन्हींमुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. शिजवलेली हाडे फुटून टोकदार होतात व घशात किंवा आतड्यात अडकतात. बेदाणे, द्राक्षे आणि चॉकलेट हेही वर्ज्य समजावे. मुलाला हे नीट समजावून सांगा, कारण खाऊ वाटून घेण्याची हौस त्यालाच असणार.

फरशीवरच्या लघवीबद्दल रागावू नका, नाक घासू नका, ओरडू नका. ज्या कुत्र्याने जन्मभर मातीवर लघवी केली त्याला फरशी ही शौचाची जागा नाही हे कोणी शिकवलेलेच नसते. आणि भीतीने थेंब गळणे तर तिच्या हातात नसते. लघवी टिपलेला कागद किंवा कापडाचा तुकडा फाटकाजवळच्या मातीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवावा. उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी आणि रात्री झोपण्यापूर्वी पट्टा लावून तिला तेथेच न्यावे, आपण गप्प उभे राहावे आणि काम झाले की दोन-तीन सेकंदांच्या आत हळू आवाजात शाबासकी देऊन अंड्याचा तुकडा द्यावा. उशिरा दिलेले बक्षीस कशाचे होते ते तिला कळत नाही. अर्थात हे सगळे ती आपणहून बाहेर यायला लागल्यावर. तोपर्यंत रात्री घर शांत झाल्यावर अंगणाचे दार उघडून (फाटकाला कुलूप लावून) तिला वाट मोकळी करून द्यावी.

गुरगुरण्याविषयी माझे मत घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. गुरगुरणे हा गुन्हा नाही. ती सूचना आहे. मुलाने पाय धरला, तिने दात न लावता सांगितले की सोड. त्याबद्दल तिला मारले किंवा दटावले तर ती गुरगुरणे सोडून देईल आणि पुढच्या वेळी न सांगता चावेल. “इतका शांत कुत्रा, एकाएकी चावला” अशी जी प्रकरणे माझ्याकडे येतात, त्यांपैकी बऱ्याच घरांत आधी गुरगुरल्याबद्दल मार बसलेला असतो. गुरगुरण्याच्याही आधी ती बरेच काही सांगत असते: तोंड फिरवते, विनाकारण ओठ चाटते, झोप आली नसताना जांभई देते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी पाहते, शेपटी पोटाखाली घेते. मुलाला ही चिन्हे ओळखायला शिकवा. दुसरा नियम त्याच्यासाठी असा: ती जवळ आली तर झाड व्हायचे, म्हणजे हात अंगाशी, नजर खाली, पळायचे नाही, किंचाळायचे नाही. आणि मोठे माणूस खोलीत नसताना दोघांना एकत्र ठेवायचे नाही, हा नियम निदान तीन महिने कोणीही मोडू नये. दुर्दैवाने कधी दात किंवा नख लागलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना काही लावू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लसीबाबत सल्ला घ्यावा. आपले कुत्रे आहे, काही होत नाही, असे म्हणू नये.

नव्या घरातून कुत्रे पळून जाण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त असतो आणि आपल्या शहरात त्याला एक खास दिवस आहे, तो म्हणजे पाण्याचा. कित्येक दिवसांनी नळाला पाणी येते, मोटारी घरघरू लागतात, बॅरल आणि हौद भरण्यासाठी सगळे घर आतबाहेर करते, पाइप ओढण्यासाठी फाटक सताड उघडे राहते. हरवलेल्या कुत्र्यांबद्दल मला येणारे फोन बहुधा याच दिवशी येतात. पाणी येणार त्या दिवशी तिला आतल्या खोलीत ठेवून दाराला कडी लावावी आणि तसे सर्वांना मोठ्याने सांगावे. गळ्यातील पट्ट्यात दोन बोटे जातील एवढीच जागा असावी; घाबरलेले कुत्रे मागे सरकून सैल पट्ट्यातून डोके सहज काढून घेते. बाहेर नेताना छातीभोवती बसणारा हार्नेस आणि गळ्यातला पट्टा असे दोन्ही वापरावे, पट्ट्यावर फोन क्रमांक कोरलेली पाटी असावी. जुळे सोलापुरातील मोकळ्या प्लॉटवर मोकाट कुत्र्यांच्या प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते, त्यामुळे पहिले दोन आठवडे अंगणाबाहेरची सैर टाळलेलीच बरी. मिरवणुका आणि संक्रांतीच्या गड्डा यात्रेतील शोभेच्या दारूकामाच्या संध्याकाळी तर वर्षानुवर्षे रुळलेली कुत्रीसुद्धा कुंपण ओलांडतात. त्या दिवशी खिडक्या लावून, पंखा चालू ठेवून कोणीतरी तिच्यासोबत घरी थांबावे.

उन्हाळा तोंडावर आहे म्हणून सांगतो. “गावठी आहे, बाहेर बांधा” हा सल्ला आपल्याला दहा जण देतील. मोकाट कुत्रे दुपारी गटाराच्या कडेला ओल शोधून बसते. साखळीने बांधलेल्याला तसे करता येत नाही. पारा 42 अंशांवर गेला की पत्र्याखाली बांधलेल्या कुत्र्याला उष्माघात व्हायला फार वेळ लागत नाही. सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरच बाहेर न्यावे आणि रस्त्यावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर तिच्या पंजालाही सोसत नाही.

लसींसाठी घाई करू नये, पण महिनाभर लांबवूही नये. खाणेपिणे आणि तापमान ठीक असेल तर दुसऱ्या आठवड्यात, दवाखान्यात गर्दी नसलेली वेळ विचारून, तिला न्यावे. पूर्वीची नोंद नसल्याने रेबीजची लस, तसेच डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे रोगांची एकत्रित लस नव्याने द्यावी लागेल. एकत्रित लसीच्या दोन मात्रा दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने देतात. जंतांचे औषध त्याच भेटीत होते. नसबंदी झालेली आहे का हेही पाहून घ्यावे. मोकाट कुत्र्यांची नसबंदी केल्यावर कानाला खाच पाडतात, ती असल्यास प्रश्न मिटला. नसल्यास शस्त्रक्रिया दोन-तीन महिन्यांनी, ती घरात स्थिरावल्यावर करावी. आणि हो, तिचे नाव एकच ठेवा. मुलगा ब्राउनी म्हणतो, यजमान राणी म्हणतात आणि सासूबाई नुसतेच हाड म्हणतात, असे आपण लिहिले आहे. सध्या तिला त्यातले शेवटचेच कळत असणार.

कालावधीचा अंदाज आम्ही साधारणपणे तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा सांगतो: पहिली धास्ती ओसरायला काही दिवस, घराचे वेळापत्रक कळायला काही आठवडे आणि हे घर आपले आहे असे वागायला काही महिने. गावठी कुत्री सावध असतात, आणि दीड वर्ष मोकळ्या आवारात काढलेल्या कुत्रीला याहून अधिक वेळ लागला तरी त्यात वावगे काही नाही. तीन आठवड्यांनंतरही ती रात्री बाहेर येत नसेल किंवा गुरगुरणे वाढत असेल, तर प्रत्यक्ष दाखवावे.

कुत्रीला परत पाठवण्याच्या निर्णयासाठी सासूबाईंना एक महिना थांबण्याची विनंती करा, आणि रात्रीची ताटली ठेवण्याचे काम त्यांच्याकडे द्या. आपण लिहिले आहे की त्या संध्याकाळी दोन तास हॉलमध्ये जपमाळ घेऊन बसतात आणि कुत्रीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. बुजलेले जनावर आधी अशाच माणसाजवळ येते, कारण हाका मारणाऱ्या, हात पुढे करणाऱ्या सगळ्यांमध्ये तेवढे एकच माणूस तिच्याकडून काही मागत नसते. एखाद्या संध्याकाळी ती दिवाणाखालून निघून त्यांच्या पायाशी येऊन हुंगेल. त्या वेळी कोणीही टाळ्या वाजवू नका, फोटोसाठी मोबाइल काढू नका. सासूबाईंनी जप चालू ठेवावा, आणि हात लावावासा वाटलाच तर डोक्यावरून न नेता खालून, हनुवटीजवळ, मूठ मिटून धरावा आणि तिला हुंगू द्यावा.